बुसानचा जवळा

मासळीबाजारात मासे न खाणारा माणूस कसा ओळखावा, हे मला काकांमुळे कळलं. तो सगळ्यात जास्त वेळ घेतो. खाणारा येतो, बघतो, घेतो आणि चालायला लागतो. काका मात्र कोरियातल्या बुसान बंदराशेजारच्या सुक्या मासळीच्या बाजारात सकाळी एकदा शिरले, की प्रत्येक दुकानापुढे थांबायचे. चष्मा कपाळावर चढवायचे, डोळे मिटायचे आणि जवळ्याच्या टोपलीवर वाकून असा लांब श्वास घ्यायचे, की दुकानातली बाई हातातलं काम सोडून बघत राहायची. मग मान हलवून पुढचं दुकान. त्यांच्यामागे पिशव्या सांभाळत मी.

"नाही, हा नव्हे," ते मला सांगायचे. "ह्याच्यात तो वास नाही."

"काका, सुका जवळा आहे. इथून तिथून सारखाच असतो."

"तू खातेस ना, म्हणून तुला तसं वाटतं. मी खात नाही, म्हणून मला फरक कळतो."

ह्या तर्काला उत्तर नव्हतं. काकांच्या बहुतेक तर्कांना नसायचं. आता ते जाऊन दोन हिवाळे झाले, तरी मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

ज्यांना जवळा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नखाएवढ्या इवल्याशा कोलंबीला आम्ही कोकणातली माणसं जवळा म्हणतो. तो उन्हात वाळवून ठेवायचा आणि भाजून, कांद्यावर परतून भाकरीबरोबर खायचा. मी रत्नागिरीची, त्यामुळे मला हे शिकावं लागलं नाही. काका मिरजेचे. जन्मानं शाकाहारी, संस्कारानं शाकाहारी आणि त्यावर पुन्हा हट्टानं शाकाहारी. ऑफिसात कुणाच्या वाढदिवसाचा केक आला तर त्यात अंडं आहे का, हे ते केकलाच विचारल्यासारखं वाकून बघायचे आणि मग बॅगेतला चिवडा काढायचे.

आमचं ऑफिस ओहायोतल्या डब्लिनमध्ये. गाड्यांच्या दारांना बसवतात त्या रबरी पट्ट्या आमची कंपनी करायची आणि त्यातला बराचसा माल बुसानजवळच्या एका कारखान्यातून यायचा. काका क्वालिटी विभागात होते. तो माल तपासायला ते वर्षातून एकदोनदा तिकडे जायचे आणि मी नोकरीला लागल्यावर मलाही बरोबर न्यायला लागले. ऑफिसात अमेरिकन लोकही त्यांना 'काका'च म्हणत. ते त्यांचं नाव आहे अशी सगळ्यांची समजूत होती. एका नव्या मॅनेजरनं मला गंभीरपणे विचारलं होतं, मिस्टर काका मीटिंगला येणार आहेत का. मी म्हणाले, हो, येणार आहेत.

काकांचा एक नियम होता. काम इंग्रजीत करायचं, खरेदी मराठीत. जगात कुठेही. डब्लिनच्या ग्रोसरीत काउंटरवरच्या मुलीला ते जुडी दाखवून विचारायचे, "अगं, ही कोथिंबीर आहे की गवत?" ती मुलगी हसून आत जायची आणि ताजी जुडी घेऊन यायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लाजेनं तोंड लपवायला जागा शोधत होते.

"तिला मराठी येतं का काका?"

"जुडी बदलून मिळाली ना?"

"ते ठीक आहे, पण..."

"परक्या भाषेत खरेदी करताना माणूस अजीजीनं बोलतो. आपल्या भाषेत बोललं की समोरच्याला कळतं, ह्याला मालातलं काहीतरी कळतंय."

बुसानमध्ये तर ह्या नियमाला बहर यायचा. बाजाराच्या अगदी टोकाला, जिथून बंदराचा वारा थेट आत घुसायचा, तिथं काकांचं ठरलेलं दुकान होतं. सगळ्या दुकानांत नाक घालून, मान हलवून शेवटी ते तिथंच यायचे. दुकानात काकांच्याच वयाची एक बाई. डोक्यावर उन्हाची टोपी, फुलाफुलांची ढगळ पँट, पायात गमबूट. काकांना पाहिलं की ती दोन्ही हात उडवून काहीतरी ओरडायची.

"काय वहिनी, यंदा माल कसा?" काका विचारायचे.

ती आभाळाकडे हात करून, मग पाण्याकडे हात करून कोरियनमध्ये लांबलचक बोलायची.

"पाऊस फार झाला म्हणतेय," काका मला सांगायचे.

एकदा मी मुद्दाम फोनवरचं भाषांतराचं ॲप तिच्यापुढे धरलं. ती म्हणत होती, माझा गुडघा फार दुखतो. मी विजयानं काकांना स्क्रीन दाखवली.

"तेच," काका म्हणाले. "पाऊस झाला की गुडघा दुखतोच."

माप झालं की काका तळहात पुढे करून विचारायचे, "वहिनी, वर काय?" भाजी घेतल्यावर आपण वर दोन मिरच्या मागतो तसं. तीही भांडल्यासारखा आवाज करून वाळलेल्या समुद्री पाल्याची एक मूठ पिशवीत टाकायची. ह्या पाल्याला काका समुद्रातली पालेभाजी म्हणत आणि ती त्यांना चालायची. हॉटेलच्या खोलीत इलेक्ट्रिक किटलीचं गरम पाणी, तयार भाताचं पाकीट, घरून नेलेलं मेतकूट आणि त्यावर चुरडलेला तो पाला, हे बुसानमधलं त्यांचं रोजचं जेवण. मला त्यांनी दिलं होतं एकदा. वाईट लागत नाही, पण कुणी पाहुणा आल्यावर करावं असंही नाही.

मी मात्र बाजारात दुसऱ्याच गल्लीत रमायचे. फ्रीजला लावायची मॅग्नेट्स, किचेन, ऑफिसातल्या मैत्रिणींसाठी चेहऱ्याला लावायचे मास्क, जिनसेंगच्या गोळ्या. काका माझी पिशवी उघडून बघायचे आणि एकेक वस्तू परत ठेवताना चेहरा असा करायचे की माल रिजेक्ट झाला हे मला न सांगता कळावं.

"इथल्या बायका हे घरी नेतात का?" ते विचारायचे.

"नाही. पण आठवण म्हणून..."

"ज्यांचं गाव, ते रोज काय विकत घेतात ते बघायचं आणि आपण तेच घ्यायचं. नाहीतर तू त्या गावाला गेलीस हे फक्त तुझ्या फ्रीजला कळतं."

त्यांनी स्वतः काय आणावं? तिथल्या बायका अंघोळीला अंग घासायला वापरतात ते हिरवे खरखरीत हातमोजे. कापडाची वज्रीच म्हणा. काकांनी ते गठ्ठ्यानं आणले आणि दिवाळीत आमच्या मराठी मंडळात घरटी एकेक उटण्याच्या पुडीबरोबर वाटले. "अभ्यंगस्नानाला वापरा," असं प्रत्येकाला बजावून. वापरल्यावर आमची निम्मी मंडळी लाल होऊन पाडव्याच्या जेवणाला आली. पुढच्या वर्षी मात्र लोक आपणहून विचारायला लागले, काका, ते हिरवे यंदा आणलेत ना? आमच्याकडच्या मुलांना दिवाळी म्हणजे काय असं विचारलं तर ती अजून त्या मोज्याचं नाव आधी घेतात.

हे सगळं झालं वर-वरचं. काकांची खरी खरेदी जवळ्याची. आणि ती काकूंसाठी.

काकू वेंगुर्ल्याच्या. बारीक, शांत, कॉलेजात गणित शिकवून रिटायर झालेल्या. नवऱ्याच्या कोणत्याही बोलण्यावर त्या लगेच काही म्हणत नसत. आधी थोडं हसत. कॉलेजात कोल्हापूरला दोघांचं जमलं आणि काका वेंगुर्ल्याला त्यांच्या घरी विचारायला गेले. ती गोष्ट काकांनी मला बुसानच्या धक्क्यावर एका बाकावर बसून चिवडा खाता खाता सांगितली.

"मिरजेत समुद्र कुठला? मी पहिल्यांदाच पाहत होतो. सगळ्यांनी सांगितलं होतं, मासे खाणाऱ्यांचं घर आहे, नाक मुठीत धरून जा. अंगणात पाय टाकला आणि तो वास आला. मला वाटलं होतं मळमळेल. पण अगं, तो चांगला वाटला. काय सांगू तुला. असा वास मी आधी कधी घेतलाच नव्हता."

"मग?"

"मग सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला. आमच्या मुलीला मासळीशिवाय घास उतरत नाही, तुमच्याकडे कसं व्हायचं? मी म्हटलं, मी आणून देईन. कुठेही असलो तरी. ह्या अंगणात जे आहे, तेच आणून देईन."

लग्न झालं आणि दोघं लगेच अमेरिकेला आले. पुढे सासरेही समुद्र सोडून सावंतवाडीला राहायला गेले, त्यामुळे ते अंगण काही काकांना परत भेटलं नाही. वचन मात्र राहिलं. ओहायोतून समुद्र गाठायचा म्हणजे दिवसभर ड्राइव्ह करायचं. काकांनी न्यू जर्सीत एडिसनच्या देशी दुकानांतून सुका जवळा आणला, चिनी दुकानांतून आणला, कोण कुठे गेलं की त्याच्याकडून मागवला. काकू खायच्या. पण प्रत्येक वेळी पिशवी उघडून काका वास घ्यायचे आणि म्हणायचे, तो हा नव्हे. असं वर्षानुवर्षं चाललं, आणि एके दिवशी कामासाठी म्हणून ते बुसानला गेले. त्या टोकाच्या दुकानापुढे त्यांनी श्वास घेतला आणि त्यांना ते अंगण सापडलं.

मी नोकरीला लागले त्या आठवड्यातच काका माझ्या डेस्कपाशी येऊन उभे राहिले होते.

"मासे खातेस?"

"हो."

"सुके?"

"हो काका."

"शनिवारी घरी ये. काम आहे."

शनिवारी मी गेले तर काका घरात नव्हते. गॅरेजमध्ये होते. अंगात जुना जाडजूड कोट, डोक्यावर अंघोळीची प्लास्टिकची टोपी, डोळ्यांना पोहण्याचा गॉगल. पुढ्यात कॅम्पिंगची शेगडी, त्यावर लोखंडी तवा, आणि गॅरेजचं दार बाहेरच्या थंडीत हातभर वर उचललेलं. काकूंच्या बोटांना संधिवातानं धरल्यापासून जवळा काकाच करायचे. घरात केलेला पहिला प्रयोग इतका फसला होता की पलीकडच्या म्हाताऱ्या शेजाऱ्यानं गॅस गळतोय समजून फायर ट्रक बोलावला होता. तेव्हापासून जवळा गॅरेजमध्ये. तो शेजारीही पुढे सरावला. कुत्र्याला फिरवताना दारापाशी थांबून म्हणायचा, "स्मेल्स स्ट्राँग टुडे." काका आतून म्हणायचे, "हो ना, या बसा."

काका जवळा आधी चाळणीत घालून तीनदा चाळायचे. काकूंनी तसं शिकवलं होतं. वाळूत वाळवतात म्हणून आपल्याकडच्या जवळ्यात रेती असते, ती काढावी लागते. बुसानचा जवळा जाळ्यांवर वाळवलेला, धुतल्यासारखा स्वच्छ. चाळणीखाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर काही म्हणजे काही पडायचं नाही. तरी काका तीनदा चाळायचे आणि मग ते कोरं वर्तमानपत्र मला अभिमानानं दाखवायचे.

"बघ. कण नाही. ह्याला म्हणतात माल."

मग भाजणं, कांदा, लाल तिखट, कोकम. आणि शेवटी चमचाभर माझ्या हातावर.

"सांग."

"तुम्ही नाही चाखत?"

"मी कसा चाखणार? म्हणून तर तुला बोलावलंय. आजपासून तू माझं टेस्टिंग डिपार्टमेंट."

मी तोंडात टाकला. छान शिजला होता. पण तो जवळा नव्हता. म्हणजे दिसायला जवळाच, पण चवीला गोडसर, सौम्य, अतिशय सभ्य. जवळा सभ्य असून चालत नाही. आपला जवळा ताटात आला की बाकीच्या पदार्थांनी अंग चोरून बसावं असा असतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात घरातून गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दाराशी काकू उभ्या दिसल्या. त्यांनी मान अगदी थोडीशी हलवली. नको, अशी.

"मस्त झालाय," मी म्हणाले.

"मीठ?"

"किंचित हवं."

काकांनी मीठ घातलं आणि गॉगलच्या आतून माझ्याकडे असं पाहिलं, की मला नोकरीत कायम केल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

अशी मी त्या घरातली झाले. सगळ्या आयुष्यात काकांनी स्वतः न तपासता पास केलेला माल हा एकच, आणि त्यावर शिक्का माझा. काकू ताटातला जवळा शेवटच्या कणापर्यंत खायच्या. एकदाच, काका सिंकपाशी हात धूत असताना, त्या हळूच मला म्हणाल्या होत्या, "ह्यात रेती नसते गं. आमच्याकडे कितीही चाळला तरी दाताखाली एखादा कण यायचाच. कचकच झाली की आई म्हणायची, आला बघ समुद्र पानात. ती कचकच नाही ना, म्हणून चुकल्याचुकल्यासारखं होतं." नळ चालू होता. काकांना ऐकू गेलं नसावं असं मला वाटलं.

काका रिटायर झाले त्या वर्षीच्या उन्हाळ्यात काकूंची धाकटी बहीण पहिल्यांदा अमेरिकेला आली. मावशी वेंगुर्ल्यातच दिलेली. उंच आवाजाची, मोकळी बाई. तिनं येताना बॅगेत कापडात शिवून जवळा आणला होता. विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं हे काय म्हणून विचारलं तर तिनं "ड्राय फिश" म्हणून पिशवी त्याच्या नाकाखाली धरली, आणि त्यानं ती तिला घाईघाईनं परत केली. हे तिचं आल्या आल्या तीनदा सांगून झालं. मलाही जेवायला बोलावलं होतं.

मावशीनं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर शिवण उसवली आणि सगळं घर वेंगुर्ल्याला गेलं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. काकू ओट्याला धरून उभ्या राहिल्या. काका पुढे झाले, चष्मा कपाळावर चढवला, डोळे मिटले, श्वास घेतला.

"हा तो नव्हे," काका म्हणाले.

"अवो भावजी, हो आमच्या बंदरावरचो जवळो," मावशी म्हणाली. "तो नाय तर काय?"

"मी तुमच्या अंगणात आलो होतो त्या दिवशी जो वास होता, तो ह्याला नाही. बुसानच्या मालाला आहे. हवं तर बघा." त्यांनी कपाटातली बुसानची बरणी काढली.

मावशीनं हुंगलं. "ह्येका कसलो वास? आणि भावजी, तुमी इल्लात त्या दिवशी तर आवशीन..."

"शालन, ताटं घे," काकू म्हणाल्या.

मावशीनं ताटं घेतली, पण काकांच्या डोक्यात किडा वळवळला होता. आयुष्यभर माल तपासलेला माणूस. त्यांनी ठरवलं की टेस्ट झाली पाहिजे. गॅरेजमध्ये दोन तव्यांवर दोन्ही जवळे सारखेच शिजवले, दोन सारख्या वाट्यांत घातले. काकूंना आत जेवणाच्या टेबलाशी डोळे मिटून बसवलं. कुठली वाटी वेंगुर्ल्याची, ते काकूंनी ओळखायचं. मला त्या क्षणी तिथून उठून जावंसं वाटत होतं. कारण ओळखणार हे उघड होतं. कुठलीही कोकणातली बाई झोपेत ओळखेल. आणि इतकी वर्षं अर्ध्या जगातून वास घेत घेत फिरलेल्या ह्या माणसाला आता आपल्याच डायनिंग टेबलावर कळणार होतं, की त्यानं सासऱ्यांना दिलेला शब्द एकदाही पुरा झालेला नाही.

काकांनी पहिल्या वाटीतला घास दिला. काकू चावायला लागल्या आणि थांबल्या. बराच वेळ तो घास त्यांच्या तोंडातच होता. मिटलेल्या पापण्यांच्या कडा ओल्या झालेल्या मला दिसल्या. मग दुसऱ्या वाटीतला घास. तो त्यांनी पटकन गिळला.

"दुसरी," काकू म्हणाल्या. "दुसरी वाटी आमच्याकडची."

दुसरी बुसानची होती.

"बघा," काका मावशीला म्हणाले. "मी सांगितलं नव्हतं?"

जेवणानंतर काका वर जाऊन आडवे झाले. मावशी भांडी आवरताना धुसफुसत होती.

"ताई, तू खोटा बोललंस. जीभ इसारली तुझी?"

काकू हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे ज्या दिवशी आमच्याकडे आले, त्या दिवशी घरात मासाच नव्हता गं. शाकाहारी पाहुणा येणार म्हणून आईनं आदल्या दिवशी सगळं सुकं उचलून शेजाऱ्यांकडे ठेवलं. अंगण सारवून घेतलं. डबेसुद्धा राखेनं घासले. ह्यांना आला तो वास समुद्राचा. ओहोटी लागली होती, समोर जाळी पसरली होती."

"मग बुसानच्या त्या दुकानात..."

"तिथं काय असेल मग? बंदरच असेल ना समोर?"

माझ्या डोळ्यांपुढे ते टोकाचं दुकान आलं, आत घुसणारा वारा आला. मग मी विचारलं,

"तुम्ही कधी सांगितलं नाही त्यांना?"

"मी त्या दिवशी दाराआड उभी होते," काकू म्हणाल्या. "देशावरचा कुणी आमच्याकडे आला की अंगणात पाय टाकल्या टाकल्या रुमाल काढायचा. ह्यांनीही काढला. हातात धरला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत खिशात ठेवला आणि डोळे मिटून असा मोठा श्वास घेतला. मी तेव्हाच हो म्हटलं होतं. बाबांनी विचारायच्या आधी." त्यांनी पातेलं पुसून ठेवलं. "आता त्यांना कसं सांगू, की ते जे शोधतायत ते खायचं नव्हतंच म्हणून?"

मावशीनं डोळ्यांना पदर लावला आणि पुढे कधी हा विषय काढला नाही.

काका रिटायर झाल्यावर बुसानची फेरी माझ्याकडे आली. जाताना ते मला बजावायचे, "टोकाचं दुकान. वहिनींना माझं सांग. आणि डोळे मिटून वास घे, उघड्या डोळ्यांनी फसशील." त्या वहिनींनी मला एकटीला पाहून मागे बघितलं, कुणी येतंय का म्हणून. मी मराठीत सांगितलं, काका बरे आहेत, गुडघे दुखतात. तिनं आपल्या गुडघ्यावर हात मारला आणि जवळा मापला. मीही तळहात पुढे केला. "वहिनी, वर काय?" तिनं नेहमीपेक्षा मोठी मूठ टाकली.

त्या हिवाळ्यातल्या शनिवारी मी माल घेऊन गॅरेजमध्ये गेले. तोच कोट, तीच टोपी, तोच गॉगल. काकांनी बुसानची पिशवी उघडली, वास घेतला, समाधानानं मान हलवली आणि बरणीत भरून ठेवली. मग शेल्फवरच्या रंगाच्या डब्यांमागून कापडात शिवलेली एक पिशवी काढली आणि तिच्यातला जवळा चाळणीत ओतला. चाळायला लागले तशी वर्तमानपत्रावर रेती पडल्याचा बारीक आवाज झाला.

मी बघतच राहिले.

"तिच्या बहिणीला पाठवायला सांगितलंय," काका म्हणाले. "घरात बोलू नकोस."

"तुम्हाला कळलं होतं?"

"अगं, मी जन्मभर केलं काय? शिकाऊ माणूस माप बघतो. मी मापणाऱ्याचा चेहरा बघायचो. पहिला घास तिला गिळवेना. दुसरा तिनं औषधासारखा गिळला."

"मग मी बुसानहून कशाला आणायचा आता?"

"म्हणजे? नाहीतर तिला काय सांगू, कुठला आहे म्हणून?" ते चाळत राहिले. "आणि वास तोच आहे. त्यात चूक नाही माझी."

तीनदा चाळून झालं. जवळा तव्यात गेला. वर्तमानपत्राची घडी करून टाकून देणार, तेवढ्यात काका थांबले. चिमटीत थोडीशी रेती घेतली आणि तव्यात टाकली.

"काका, रेती आहे ती."

"असू दे. तिला कचकच लागते."

म्हणजे नळ चालू असतानाही त्यांना ऐकू गेलं होतं.

"पण काकूंना लगेच कळेल," मी म्हणाले.

"कळू दे. ती विचारायची नाही."

आम्ही जेवायला बसलो. काकांच्या ताटात मेतकूट-भात आणि त्यावर चुरडलेला समुद्री पाला. काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला, जवळा घेतला, तोंडात घातला. दोनदा चावला आणि त्या थांबल्या. काकांकडे पाहिलं. काका खाली बघून भात कालवत होते, जितका कालवायची गरज होती त्याहून बराच जास्त.

"यंदा बुसानचा माल चांगला निघालाय," काकू म्हणाल्या.

"मी दरवर्षी तेच सांगतो," काका म्हणाले.

मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. टेस्टिंग डिपार्टमेंटनं मीठ अगदी बरोबर असल्याचं सांगितलं.